कोणत्या गिलासात कळमनुरी?

"जिल्ह्यातल्या कोण्याबी गावचं नळाचं पाणी द्या, एका घोटात गाव सांगतो!"

शिवशंकररावांची ही बढाई मिराबाई सत्तावीस वर्षं ऐकत होत्या. लग्नात, मयतीत, दवाखान्यातसुद्धा! म्हणून आज कळमनुरीतून निघतानाच त्यांनी नवऱ्याला बजावलं, "पोरीसाठी स्थळ पाहायला चाललो. पाणी प्यायचं, गिलास ठेवायचा. चव सांगायची न्हाई!"

"मी काय लहान लेकरू हाय का?"

आखाडा बाळापूरला गोजरबाईंच्या घरी सगळं झकास होतं. त्यांचा बालाजी शाळेत मास्तर, हसरा. लेक पल्लवी त्याच्याशी बोलत होती आणि मिराबाईंना डोळ्यांपुढं मांडवच दिसायला लागला. तेवढ्यात पाणी आलं. शिवशंकररावांनी घोट घेतला, गालात खुळखुळवला, डोळे मिटले.

"जरा मचूळ हाय. आमच्या कळमनुरीचं म्हणजे नुसतं खोबरं!"

गोजरबाई भाकरीसारख्या टम्म फुगल्या. "आमच्या नळाला मचूळ म्हणून राहिले? या पाण्यात तुरीची डाळ दोन शिट्ट्यांत लोणी होते!"

"आमच्यात एकाच शिट्टीत होते!"

मिराबाईंनी चिमटा काढला, तर हे मोठ्यानं, "काहून चिमटे घेती? खरं ते खरं!"

"मग पारखाच बराबर!" गोजरबाई उठल्या. पल्लवीच्या पिशवीतली घरची बाटली मागून घेतली. वारंगा फाट्याहून आलेले त्यांचे भाऊ नरसिंग तरी गप बसावेत? "आमचं काय डबक्यातलं हाय?" म्हणत त्यांनीही आपली बाटली पुढं केली. बालाजीनं दोन्ही बाटल्या आत नेल्या आणि घरच्या नळाचं धरून तीन गिलास भरून आणले.

पहिल्या गिलासाला शिवशंकररावांनी तोंड वाकडं केलं, दुसऱ्याला ठसका लागला, तिसऱ्याला चेहरा उजळला. "हे कळमनुरी! अमृत!"

गोजरबाईंनी तोच गिलास ओढला. "हे तर आमचं बाळापूर!"

नरसिंगनी चाखलं. "अक्का, हे फाट्याचं हाय!"

सगळे बालाजीकडं वळले. त्याला घाम फुटला. "कोणता कुठला... भरताना दारातून पल्लवीकडं लक्ष गेलं अन् विसरलो."

"तीन गिलास ध्यानात राहत न्हाईत, हे काय मास्तर!" शिवशंकरराव कडाडले.

"अन् पाव्हणे म्हणून येऊन नावं ठेवता, हे काय वळण!" गोजरबाई.

आवाज ऐकून शेजारी दारात गोळा झाले. एकजण आपल्या घरचा तांब्याही घेऊन आला! सोयरीक डोळ्यांदेखत बुडत होती आणि मिराबाईंना वाटलं, नवऱ्याला इथंच ठेवून एकटीनं बस धरावी.

एवढ्यात पल्लवी उठली. तिसरा गिलास गटागटा प्याली. पहिला प्याली. दुसरा प्याली. रिकामे गिलास एकात एक घालून तिनं खाली आपटले. "संपलं! आता भांडा!"

शेजाऱ्यानं आपला तांब्या हळूच पाठीमागं लपवला.

गोजरबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकदम खदखदून हसल्या. "पसंत हाय बाई पोरगी! या घरात असंच कोणीतरी पाहिजे होतं."

"मलाबी पसंत," पल्लवी बालाजीकडं पाहून म्हणाली. बालाजी लाजून आत पळाला. पेढ्यांचं ताट आलं. मिराबाईंचे डोळे भरून आले.

शिवशंकररावांनी घसा खाकरला. "ठरलं म्हणायचं! पण मी काय म्हणतो, लग्नाच्या पंगतीला पाणी कुठलं..."

मिराबाईंनी दोन पेढे उचलले आणि एकदमच त्यांच्या तोंडात कोंबले.