एका रेझरचा बोलबाला

"फेकायचं कशाला? जरा घासलं की पुन्हा नवं," असं म्हणत हेडक्लार्कांनी रेझर घासायला जुन्या जीन्सचा कापलेला पाय मांडीवर ताणून धरला. 'वापरा आणि फेका' म्हणून बाजारात नुकतंच आलेलं ते प्लॅस्टिकचं रेझर होतं. पण ज्या घरात साबणाची चिपटीसुद्धा नव्या वडीला चिकटवली जायची, तिथे 'फेका' कोण ऐकून घेणार?

त्या काळी त्यांच्या घरातली सकाळ अशीच व्हायची. बायको चहा टाकायची आणि हे ओट्याजवळच्या स्टुलावर बसून रेझर कापडावर उलटं घासायचे, कोरडं पुसायचे, तेलाचं बोट लावायचे. हात चालू असला की तोंडही चालायचं. साहेबाच्या नकला, लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या खोलीच्या गमती, सगळं निघायचं. किती साध्या, किती सुखाच्या सकाळी होत्या त्या. एकच रेझर वर्षभर चालतं, ही कीर्ती तर साऱ्या नातेवाइकांत पसरली होती.

त्या कीर्तीनेच घात केला. मेहुणा नोकरीच्या मुलाखतीसाठी आला आणि दाढीचं सामान घरीच विसरला.

"कोपऱ्यावर जाऊन करून ये ना," बायको घाईने म्हणाली.

"छे गं ताई, भाऊजींचं रेझर असताना न्हावी कशाला?"

हेडक्लार्कांचा चेहरा पडला. पण वर्षभर मिरवलेली फुशारकी आड आली आणि त्यांनी रेझर काढून दिलं.

थोड्या वेळाने न्हाणीघरातून दबकी हाक आली. "भाऊजी, जरा येता?"

रेझरने केस कापले नव्हते, उपटले होते. गाल मात्र व्यवस्थित कापला होता.

"दाब जास्त दिलास," हेडक्लार्क म्हणाले.

"असेल. पण दहाला मुलाखत आहे हो."

गळ्यात टॉवेल, अर्ध्या गालावर फेस, अशी वरात रस्त्यावर आली. कोपऱ्यावरचं दुकान उघडंच होतं, पण हेडक्लार्कांनी मेहुण्याचा दंड धरून त्याला पुढे ओढलं.

"इथे नको. हात जड आहे त्याचा."

पुढचं दुकान बंद. त्यापुढच्यात ही गर्दी. फेस वाळून खपल्या धरायला लागला आणि मेहुणा रडकुंडीला आला. पोराची नोकरी की आपली अब्रू, असा प्रश्न पडल्यावर हेडक्लार्क मुकाट्याने मागे फिरले.

"या साहेब," कोपऱ्यावरचा न्हावी खुर्ची झटकत म्हणाला. "आज उशीर? तुमच्यासाठी रोजच्यासारखं पाणी तापवून ठेवलं होतं."

मेहुण्याने आरशातून एकदा भाऊजींकडे पाहिलं. पोरगा गुणी, त्याने गाल पुढे केला. गालावर पट्टी लावून मुलाखतीला गेला आणि नोकरी घेऊन आला.

हेडक्लार्कांना मात्र चैन पडेना. संध्याकाळी ते स्वयंपाकघरात येऊन घुटमळले.

"ऐक ना. मी दाढी बाहेर करतो. त्या रेझरने केव्हाच मान टाकली."

"माहीत आहे मला," बायको पोळी उलटत म्हणाली. "सकाळी खुंट घेऊन जाता, संध्याकाळी गुळगुळीत येता. मला काय डोळे नाहीत?"

"मग बोलली का नाहीस?"

"ते घासताना तुम्ही माझ्याशी बोलता. खाली ठेवलं की पेपर उघडता."

दुसऱ्या दिवशी चहा उकळून उकळून कडू झाला, तरी हेडक्लार्क घासतच होते.