मिशी मुळासकट

किसनराव लेजर करून घ्यायला नांदेडला गेले, पण घरी सांगून गेले की अण्णांना भेटायला चाललो. पुढचा सगळा घोळ या एका थापेतून झाला. अण्णा म्हणजे त्यांचे वडील रामप्रसाद. ऐंशी कधीच ओलांडलेले, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला लेकीकडे, संगिताकडे, राहायला गेलेले. त्यामुळे थाप तशी बिनचूक होती. मनकर्णाबाईंनी तर नवऱ्याच्या हाती सासऱ्यांसाठी भाकरी आणि ठेचाही बांधून दिला. किसनरावांनी तो वसमतच्या स्टँडवरच खाऊन टाकला.

लेजरची गरज का पडली, तर ओठावरची चामखीळ. मिशीच्या उजव्या काठावर ती वीस वर्षं सुखानं बसली होती आणि त्यांच्या गावी, कुरुंद्यात, तिच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. पण कोमलच्या साखरपुड्याचे फोटो आले आणि लेकीनं विचारलं, "बाबा, हे प्रत्येक फोटोत तुमच्या मिशीवर माशी बसलीय का हो?" फोटोत शेजारीच व्याही गंगाधरराव उभे. कळमनुरीचं वजनदार माणूस, मिशी भरघोस आणि माशी नाही. किसनरावांच्या मनाला ते लागलं. लग्न आठवड्यावर आलं होतं आणि या खेपेला फोटो स्वच्छ यायला हवे होते.

दवाखान्याच्या पाटीवर एका बाईचा अर्धा चेहरा काळा आणि अर्धा गोरा होता. डॉक्टरीणबाई आज येणार नव्हत्या, पण पांढऱ्या कोटातली एक मुलगी होती आणि तिनं किसनरावांना बाकावर आडवं करून डोळ्यांवर काळा चष्मा चढवला.

"अंकल, ऊपर के होंठ का करना है ना?"

"हां, वहीच. जडसे निकालो. फिर उगना नहीं मंगता."

"पूरा?"

"पूरा! आधा रखके क्या करना?"

"सोच लो अंकल. बाद में पछताना नहीं."

"अरे बेटी, बीस साल से पछता रहा हूँ."

ओठावरून काहीतरी गार सरकलं. औषध असेल, असं किसनरावांनी मानलं. मग कुणी ताणलेलं रबर सोडावं तसे तडातडा चटके बसू लागले आणि केस जळाल्याचा वास आला. एवढ्याशा चामखिळीला एवढे केस कुठले, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता, पण तो पडेपर्यंत काम उरकलं होतं. चष्मा निघाला. आरशात एक अनोळखी माणूस दिसला. चामखीळ मात्र ओळखीची होती.

"मेरी मूंछ?"

"निकाल दी ना, पहले रेजर, फिर लेजर, जडसे," मुलगी अभिमानानं म्हणाली. "पाँच बार और आना पड़ेगा, फिर एक भी बाल नहीं आएगा."

एकदाच केलं तर बरेचसे केस परत येतील, पण कुठेकुठे टक्कल राहू शकतं आणि ऊन लागलं तर ओठ काळा पडेल, हेही तिनं सांगितलं. हे सगळं आधी विचारायचं असतं आणि आधीच सांगायचं असतं, हे दोघांच्याही आता लक्षात आलं. ओठ सुजून पुढं आला होता. किसनरावांनी पांढरा रुमाल डोक्यावरून घेऊन तोंडाभोवती गुंडाळला आणि वसमतची बस पकडली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात मिशीवाला माणूस मिशी उतरवतो ती आई-बाप गेल्यावरच. बाप जिवंत असताना मिशी काढणं म्हणजे बापाचं वाईट चिंतणं. नांदेडच्या त्या मुलीला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. बाबूसिंगला मात्र पक्कं ठाऊक होतं.

बाबूसिंग शेजारच्या तांड्यावरचा. दोघांची हळद एकाच बांधाच्या दोन अंगांना, आणि दोस्ती शाळेपासूनची. वसमतला गाडी बदलून कुरुंद्याच्या फाट्यावर किसनराव उतरले, वाऱ्यानं रुमाल उडाला आणि समोर बाबूसिंग उभा. त्यानं मित्राचं तोंड पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"किसनराव... कवा?"

किसनराव मेल्याहून मेले. याला सगळं कळलं, असं त्यांना वाटलं. सुजल्या ओठानं लांबलचक बोलताही येईना. "सकाळी," ते पुटपुटले.

"नांदेडातच?"

"व्हय."

"लई तकलीफ झाली का?"

"न्हाई. डोळे झाकले, झालं. पाच मिनटं बी लागले न्हाईत."

"आन् मंग पुढलं?"

"मशीन हाये तिथं. जाळून टाकलं."

बाबूसिंगचा आवाज चिरकला. "आमाला बलावलं बी न्हाई रे? चार मानसं तरी पाहिजे होती."

"चार मानसं कायला? एका पोरीनं केलं."

"पोरीनं! संगितानं?" बाबूसिंगनं डोळे पुसले. "घरी ठाऊक हाये का?"

"कोनालाच न्हाई. आन् तू बी बोलू नको बाबूसिंग. आठ दिवसांवर लगीन हाये. गंगाधररावांच्या कानावर गेलं तं मला तोंड दाखवायला जागा न्हाई."

बाबूसिंगनं त्यांना भर रस्त्यात मिठी मारली. लेकीच्या लग्नासाठी बापाचं मरण पोटात ठेवणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला होता. मिशीसाठी एवढं रडणारा दोस्त किसनरावांनीही पहिल्यांदाच पाहिला होता, आणि दोघंही मन हलकं करून आपापल्या वाटेनं गेले.

बाबूसिंगनं दोस्ताचा शब्द पाळला. त्यानं फक्त बायकोला सांगितलं.

इकडे मनकर्णाबाईंनी दार उघडलं आणि किंकाळी फोडली. "अगं माय! मामंजी!"

"अण्णा मजेत हायेत!" किसनरावांनी दार लावून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. मनकर्णाबाईंनी ते दोनदा ऐकून घेतलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

"चामखीळ काढाया गेल्ते ना तुमी? मंग ती काहून हितंच हाये?"

"ऱ्हायली."

"आन् मिशी काहून गेली?"

"मी जडसे म्हनलो."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि सवयीनं हळदीचा डबा काढला. "हळद लावायची न्हाई म्हनले," किसनराव मागं सरले. हळदीच्या गावात जन्म काढून हळद न लागणारी जखम घेऊन आलेलं हे पहिलंच माणूस, असं बाई बोलल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. कोमल मात्र हसली नाही. "बाबा, त्यांच्या घरी काय सांगायचं?" ती म्हणाली.

तो विचार करायला सवडच मिळाली नाही. अंगणात बायका जमल्या होत्या. पुढच्या दोघींनी पदर तोंडाला लावून गळा काढला होता, "असे कसे गेले वं आण्णा!" मनकर्णाबाई बाहेर धावल्या. "अहो, काई झालेलं न्हाई! मामंजी धडधाकट हायेत!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि रडणं वाढवलं. "किती काळीज घट्ट केलंय बाईनं," एक म्हणाली. "लेकीसाठी."

खरी पंचाईत इथून सुरू झाली. ही माणसं लपवणार, हे सगळ्यांनी आधीच गृहीत धरलं होतं, त्यामुळे जितकं नाही म्हणावं तितकं ते खरं ठरू लागलं. भाऊबंद गोळा झाले. कुणी डोळे पुसले, कुणी दहाव्याची चौकशी केली. एका चुलत्यानं तर लग्नाच्या आचाऱ्याला परस्पर फोन करून नाही म्हणून सांगितलं. आचारी कळमनुरीचा. अर्ध्या तासात गंगाधररावांची जीप दारात उभी राहिली. मागच्या सीटवरून नवरदेव हरीशही उतरला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"किसनराव," गंगाधरराव उंबऱ्यातच थांबले, "दुःख समजू शकतो. पण सुतक लपवून लगीन लावता? आमच्या घरात?"

"अहो, अण्णा जित्ते हायेत!"

"मंग हे काय हाये?" त्यांनी किसनरावांच्या ओठाकडे बोट केलं.

किसनरावांनी ओठावर हात ठेवला. लेजर म्हणावं तर अब्रू जाते, आणि न म्हणावं तर बाप जातो. कोमल दाराआड उभी होती. तिचा चेहरा त्यांनी पाहिला. एका चामखिळीपायी आपण लेकीचं लग्न घालवलं, हे त्यांना लख्ख दिसलं.

"आत्याला व्हिडिओ कॉल लावा," कोमल आतून म्हणाली. सगळ्यांना ते पटलं. संगिता फोनवर आली आणि म्हणाली, "अण्णा? हे काय, हितंच हायेत, दाखवते." तिनं फोन वळवला. पडद्यावर अण्णा दिसले. उताणे, सरळ, अंगावर पांढरी चादर, डोळ्यावर पट्टी, तोंड उघडं. दुपारच्या जेवणानंतर अण्णा असेच झोपत.

अंगणात एकच आकांत उसळला. "अजून तसंच ठिवलंय वं!" बायका रडू लागल्या. "मंग मशीनवर जाळलं ते काय?" असं बाबूसिंगनं विचारलं, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आवाजानं अण्णा जागे झाले असतील, नसतील, तोवर रेंज गेली आणि फोन पुन्हा लागेना.

गंगाधरराव जीपकडे वळले. किसनरावांनी त्यांचा हात धरला. आयुष्यात ते कुणापुढं असे वाकले नव्हते. "थोडं थांबा. तुमची जीप संगं येऊ द्या. मी अण्णांना घेऊन येतो. न्हाई आले तं मोडा लगीन."

"मी आणतो," हरीश म्हणाला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच बोलला होता. वडील काही म्हणायच्या आत त्यानं गाडी वळवली सुद्धा.

उन्हं कलताना जीप परत आली. पुढच्या सीटवर काळा चष्मा लावून अण्णा बसले होते. अंगणातली गर्दी बघून ते खूश झाले. ऑपरेशनची विचारपूस करायला गाव लोटलंय, असं त्यांना वाटलं. किसनरावांना मात्र राहवलं नाही. बाप जिवंत आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी दिवसभर इतक्या लोकांनी इतक्या वेळा गेले गेले म्हटलं होतं, की अण्णांचा हात हातात येताच ते लहान लेकरासारखे रडले.

अण्णांनी चष्मा वर केला, नव्या डोळ्यानं लेकाचं तोंड न्याहाळलं आणि दचकून विचारलं, "आरं, कोन गेलं?"

"तुमी," बाबूसिंग म्हणाला.

सगळी हकिगत ऐकायला वेळ लागला, कारण अण्णांना ऐकू कमी यायचं आणि लेजर हा शब्द किसनरावांना चार वेळा ओरडून सांगावा लागला. म्हणजे आता तो सगळ्या गल्लीला कळला. बायका पदराआड हसू लागल्या. मघाशी सगळ्यात मोठा गळा काढणारीनं चहा ठेवला. बाबूसिंग कान धरून अण्णांच्या पायाशी बसला. आणि किसनरावांना आश्चर्य वाटलं, कारण अब्रू गेली तरी छाती हलकी झाली होती. हसणारे लोक रडणाऱ्यांपेक्षा कितीतरी बरे.

गंगाधररावही हसले, पण एक अडचण त्यांच्या मनातून जाईना. "माझे पावनेरावळे यायचे. मुलीचा बाप मांडवात बिनमिशीचा. जो तो मलाच इचारील, कोन गेलं, सुतकात लगीन काहून लावलं? मी कितीजनांला लेजर समजावू?"

हे खरंच होतं. कोमलचा चेहरा पुन्हा उतरला. अण्णांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि आपल्या पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला.

"एकाची गेली तं मयत म्हनतेत," अण्णा म्हणाले. "सगळ्यायची गेली तं फॅशन म्हनतीन. मी जित्ता हाव अन् मीच सांगून राहिलो. लगनाच्या दिशी मला सोडून आपल्यातल्या एकाच्याबी ओठावर केस दिसला न्हाई पाह्यजे."

भाऊबंदांनी कुरकुर केली, पण मघाशी ज्याला रडून घेतलं त्याचा शब्द कसा मोडायचा? पहिला वस्तऱ्याखाली बाबूसिंग बसला.

लग्नाच्या दिवशी कळमनुरीचं वऱ्हाड उतरलं तेव्हा मांडवाच्या दारात पंचवीस-तीस गुळगुळीत ओठ स्वागताला उभे होते. सूज उतरलेल्या किसनरावांना त्यात चामखिळीवरून शोधावं लागलं. वऱ्हाडातल्या तरुण पोरांना तर मिशी मुळातच नव्हती, हरीशनंही काढून टाकली होती. कुणी काही विचारलं नाही. एका बाईनं तर, "यांच्यातले बाप्ये किती नीटनेटके हायेत," असा शेरा मारला. कोमल बोहल्यावर चढली, अक्षता पडल्या, आणि किसनरावांनी कित्येक दिवसांनी छातीभर श्वास घेतला.

फोटोची वेळ आली तेव्हा गंगाधररावांच्या लक्षात आलं, की अण्णा सोडले तर फोटोला उभ्या राहिलेल्यांत मिशी असलेले ते एकटेच आहेत. "व्याहीबुवा रुसलेत का?" मागं कुणीतरी कुजबुजलं. "सगळ्यायनं काढली, यायनंच काहून ठिवली? लगीन मनाजोगं न्हाई वाटते." हे तिसऱ्यांदा कानावर आलं तेव्हा गंगाधरराव कुणाला काही न सांगता मांडवामागं गेले. न्हावी तिथं पंगतीची वाट बघत बसलेलाच होता.

थोड्या वेळानं ते ओठावर रुमाल धरून बाहेर आले, किसनरावांशेजारी उभे राहिले आणि फोटोवाल्याच्या सांगण्यावरून रुमाल खाली घेतला. समोर खुर्चीवर त्यांची म्हातारी आई, रुख्मिणीबाई, जिलेबी खात बसली होती. तिनं वर पाहिलं. लेकाच्या उघड्या ओठाकडे बघताना तिचा हात तोंडाशीच थांबला.

"आरं गंग्या," म्हातारी कापऱ्या आवाजात म्हणाली, "मला जेऊ तं देयाचं होतं!"