प्रत्येक गावाचा एक कॉलम

आप्पा गेले. त्या दिवशी शिरूरच्या आमच्या दूध संघाच्या ऑफिसात डॅशबोर्ड कुणी उघडला नाही.

आप्पा म्हणजे आमचे संकलन सुपरवायझर. कोणत्या गावचं दूध किती, फॅट किती, हे भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर तक्त्यात दिसायचं. तक्ता मी बनवायचो. तो दिसावा कसा, हे आप्पा ठरवायचे. लग्नपत्रिकेत नावं घालताना जपतात, तसे ते गावांच्या ओळी जपायचे. फाटकातून निमोण्याचं कुणी येताना दिसलं की माझ्या खांद्याला बोट टोचायचे. मी फॅटच्या कॉलमवर क्लिक करायचो, निमोणे सगळ्यांत वर. यवतचं कुणी आलं की लिटरचा कॉलम, यवत वर. दोघं एकदम आले, तर आप्पा स्क्रीनसमोर आडवे उभे राहून दोघांच्या गुडघेदुखीची चौकशी करायचे.

मी डब्याबरोबर पुस्तक आणतो म्हणून ते मला मास्तर म्हणत. "मास्तर, परत्येक गाव कशात तरी पयलं असतंच. कॉलम हुडकावा लागतो."

त्यामुळे कॉलम वाढत गेले. कॅन कुणाचे स्वच्छ, टेम्पोला कोण ताटकळत ठेवत नाही. एका गावाला काहीच सापडेना, तेव्हा 'ड्रायव्हरला चहा' असा कॉलम आला. मग सगळीच गावं इरेला पेटली आणि ड्रायव्हरला पित्त झालं.

दूध कमी असेल त्या ओळीला मी लाल रंग दिला होता. लाल रंग नवरीला शोभतो, दुधाला नाही, असं म्हणून त्यांनी तो काढायला लावला. भगवा, हिरवा, निळा लावला तर लोकांना संघाची निवडणूक लागली असं वाटेल, हेही त्यांचंच. शेवटी अख्खा तक्ता बदामी झाला.

मग पुण्याहून नवे साहेब आले. त्यांनी तक्ता उजवीकडे सरकवायला घेतला, तो संपेचना. कॉलम चारच ठेवा, ओळी लिटरप्रमाणे लावा, तळाला येईल ते केंद्र बंद करू, असं ते म्हणाले. तळाला आली माळावरची वस्ती. मेंढरं सोडून गाई पाळायला लागलेली मोजकी घरं.

आप्पा माझ्याशेजारी खुर्ची ओढून वस्तीसाठी कॉलम शोधत बसले. अंतरात वस्ती पहिली आली, पण त्याबरोबर डिझेलच्या खर्चातही पहिली आली. शेणात बघा, म्हणाले. साहेब शेण घेत नाहीत, असं मी म्हटलं, तर त्यावरही ते थोडा वेळ विचार करत राहिले.

बैठकीत साहेबांनी विचारलं, या केंद्राचं विशेष काय. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काय बी न्हाई साहेब. मी रोज सांजच्याला टेम्पोत बसून तिथं जातो. तपासणीला म्हणून. तपासण्यासारखं काय नसतंय. माझ्या घरी कुणी न्हाई. तिथं बाजेवर टेकलो, की कुणीतरी आत वरडून सांगतं, आप्पा आलं. केंद्र बंद झाल्यावर सांजचं मी जाऊ कुठं?"

साहेबांनी पुढचा विषय घेतला. केंद्र बंद करण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही.

आता तक्त्यात चारच कॉलम आहेत आणि वस्ती तळाला आहे. संध्याकाळी टेम्पोत मी बसतो.