तीन लिटरची टाकी

पवनच्या गाडीतलं पेट्रोल संपणार नव्हतं. ही गोष्ट त्याने आदल्या संध्याकाळी मेडशीच्या स्टँडवर अकरा जणांना सांगितली होती. त्यातल्या चौघांना दोनदा!

मामला साधा नव्हता. मानोऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात मुलगी पाहायला जायचं होतं. पवन बत्तीस वर्षांचा, सोयाबीन पिकवणारा. तीन वर्षांत आलेलं हे पहिलंच स्थळ. वेळ चार वाजताची. आणि गाडीच्या टाकीला मधोमध भोक! तीन लिटरपर्यंत पेट्रोल टाकीत राहायचं, चौथा लिटर पँटवर यायचा.

म्हणून पवनने कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर नकाशा काढला. मेडशीच्याच पंपावर तीन लिटर टाकायचं. तिथून आतला रस्ता धरायचा. बावीस किलोमीटर वाचतात, पण वाटेत पंप म्हणून नाही. मग पहिला थांबा गोजराबाई आत्याचं वावर, दुसरा मावसभाऊ करणचं. दोघांकडे फवारणीच्या पंपासाठी पेट्रोलची बाटली भरलेली असते. दोघांना फोन झाले. दोघंही म्हणाले, "ये ना बावा, ठेवतो!"

नकाशात दोन गोष्टी राहून गेल्या. एक ऊन, दुसरे नानाजी.

नानाजी म्हणजे ही सोयरीक आणणारे गृहस्थ. ते मागे बसले की गाडीचं पुढचं चाक नुसतं शोभेला उरायचं. आणि ऊन म्हणजे, आठ दिवसांची पावसाची झड नेमकी त्याच सकाळी थांबली! अख्खा जिल्हा पाठीवर पंप बांधून सोयाबीनमध्ये उतरला.

"बाटली?" गोजराबाई म्हणाली. "ते तं सकाळीच पंपात गेली!"

"आत्या, फोनवर सांगतलं होतं ना तुले!"

"फोन केला तवा ऊन होतं काय? अळी काय तुह्या लग्नासाठी थांबून राह्यते? आता आलाच हायेस तं अर्धा लिटर देऊन जाय. फवाऱ्याच्या दोनच ओळी राह्यल्या माह्या."

पवनचं डोकं सायलेन्सरसारखं तापलं. "अवो, मी घ्याले आलो! द्याले नाई!"

पण मागे वळून पाहतो तर टाकीत नळी गेलेली, आणि नळीचं दुसरं टोक नानाजींच्या तोंडात!

"थू!" नानाजी तोंडातलं पेट्रोल थुंकले. "आत्या हाये बे तुही. आत्याले नाई म्हणतेत काय?"

करणच्या वावरात पवनने गाडीवरूनच विचारलं, "बाटली हाये का नाई?"

"नाई," करण हसत म्हणाला. "पण आत्याचा फोन आलता. म्हणे, पवनच्या टाकीत हाये." त्याने नळी घरून आणून ठेवली होती. धुऊन!

"करण्या, तुले लाज?"

"लगनात दोन दिवस राबतो ना बावा!"

"लगन तं जमू दे आधी!"

तोवर नानाजींनी टाकीचं झाकण उघडलं होतं. पवनने नकाशा चुरगाळला आणि पुन्हा सरळ केला. मागच्या बाजूला एकादशीच्या तारखा होत्या, आईला लागायच्या.

"रागावू नको," नानाजी म्हणाले. "नवरदेवाचं तोंड लाल बरं दिसत नाई."

पवनने गाडी काढली. दात असे खात होता की मागे नानाजींना गिअर बदलल्यासारखं वाटत होतं.

अडीच वाजता मुलीच्या गावाची शीव आली. रस्त्यात एक माणूस उभा. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, हातात रिकामी बाटली.

"भाऊ, थोडंसं पेट्रोल देता काय?"

झालं! आत्याचा राग, करणचा राग, नानाजींचा राग, सगळे एकाच बोळातून बाहेर पडले.

"काहून देऊ? माह्या कपायावर पंप लिवला हाये काय? साऱ्या जिल्ह्याच्या अळ्या म्याच मारू काय? नाई देत! थेंब नाई देत!"

नानाजींनी सवयीने नळी काढली. पवनने ती हिसकावून बाजूच्या तुरीत फेकली. माणूस मुकाट बाजूला झाला. पवनला दिवसभरात पहिल्यांदाच हलकं वाटलं.

चारला दीड तास होता. वेळेच्या आधी गेलं तर गरजू दिसतो, म्हणून पवन गावाबाहेर निंबाखाली थांबला. केस सतरा वेळा विंचरले. बरोबर चारला अंगणात गाडी लावली.

अंगणात बाजेवर इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण बसला होता, कपाळाला ओला कुंकवाचा टिळा, तोंडात पेढा. शेजारी दुपट्टा खांद्यावर टाकून बसलेला माणूस उठला. मघाचाच!

"या, पाव्हणे," मुलीचे वडील म्हणाले. "हा शिवम. दोन वाजता याचा पोरगी पाह्याचा कार्यक्रम होता. वावरात मी दिसलो, तं यानं न मांगता माह्या पंपात टाकी खाली करून देल्ली. मंग वापस कसा जाईन? म्हणून त्याच्यासाठी तुमाले मांगत होतो."

"त्याच्यासाठी?" पवनचा आवाज फाटला.

"हो ना! तुमी देल्लं असतं तं तवाच गेला असता. नाई देल्लं, म्हणून जेवाले थांबला. जेवता जेवता गोष्टी निघाल्या. आमची निकिता हो म्हणे."

पवनने नानाजींकडे पाहिलं. नानाजी पेढा खात होते.

"आता एक काम करा," वडील म्हणाले. "तुमच्या टाकीत हाये ना थोडंसं? जावयाले मानोऱ्याच्या पंपावर घेऊन जा."

गाडी निघाली. पुढे पवन, मागे नानाजी, मधे दाबून बसलेला शिवम. त्याच्या हातात कॅलेंडरचा नकाशा.

"भारी बनवला दादा!" शिवम पवनच्या कानात ओरडला. "पण याच्यात आमच्या सासऱ्याचं वावर नाई दाखोलं तुमी!"

पवनने ॲक्सिलरेटर पिळला. तो फक्त गाडी बंद पडायची वाट पाहत होता. चढावर, खड्ड्यात, नाल्यात, कुठेही! पण मानोऱ्याच्या पंपापर्यंत पेट्रोल काही संपलं नाही.