परब सरांची सत्तर घरांची वाडी

परब सर सर्व्हरला गाऱ्हाणं घालतात. मी थट्टा करत नाही. विद्यापीठाच्या वेबसाइटवर मोठा अपडेट टाकायचा असला की ते चपला दाराबाहेर काढतात, कॉम्प्युटरसमोर हात जोडतात आणि गावच्या देवळात उभे असल्यासारखे सुरू होतात, "बा देवा म्हाराजा! आज ह्यो जो अपडेट घालूक घेतलाव, तो सुखरूप पार पाड रे म्हाराजा. कोणाचो खिळो वाकडो लागलो आसात, तर तो सरळ कर रे म्हाराजा!" मग मागे वळून आमच्याकडे बघतात. आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. त्याशिवाय ते बटण दाबत नाहीत.

आम्ही म्हणजे तन्वी आणि मी. शिकता शिकता काम करायच्या योजनेतून दोघींना वेब विभागात घेतलं. हा विभाग म्हणजे अंधेरीच्या कॅम्पसमध्ये कॅन्टीनमागची एक खोली. सकाळी तिथे बटाटेवड्यांचा वास असतो.

विद्यापीठाच्या सत्तरेक विभागांच्या साइट्स इथून चालतात, सगळ्या एकाच ओपन सोर्स सिस्टीमवर. "ही कुणा एकट्याची नाय," सर सांगतात. "गावच्या विहिरीसारखी. सगळ्यांनी मिळून खणली, सगळ्यांनी मिळून उपसायची." त्यांच्या लेखी ही एक वाडी आणि प्रत्येक साइट एक घर. साइट बंद पडली की "भूगोलाचं छप्पर उडालं." कुणी न विचारता प्लगइन टाकलं की "इतिहासवाल्यांनी परत भिंतीत खिळा ठोकला!" वाणिज्यच्या मॅडमना सूचनेभोवती लुकलुकणारे दिवे हवे होते. सरांनी फोनवर शांतपणे विचारलं, "मॅडम, परीक्षेचा फॉर्म भरायचाय की हळदीला यायचंय?"

आता जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही, कळत नाही. मला तन्वीचा फार हेवा वाटायचा. ती मुलुंडची. लॅपटॉप स्वतःचा, टाइप करताना कीबोर्डकडे बघायची गरज नाही. "सर, चिल ना!" असं ती म्हणे आणि सर चक्क हसत. माझे बाबा घाटकोपरच्या एका सोसायटीत लिफ्टमन आहेत. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. "सर, एक विचारू का?" हे मी मनात जुळवेपर्यंत तन्वीचं विचारून झालेलं असे.

पहिल्याच आठवड्यात सरांनी घरं वाटली. तन्वीला विद्यापीठाची मुख्य साइट. मला वस्त्रविद्या. गिरण्यांसाठी माणसं तयार करणारा हा विभाग. गिरण्या गेल्या, विद्यार्थी गेले, मग विभागालाही कुलूप लागलं. उरली ती साइट.

"बंद घर आहे, बाय," सर म्हणाले. "झाडलोट ठेव."

घरी बाबांनी विचारलं, "काय काम दिलं गं?" मी म्हटलं, "मुख्य साइट." खोटं बोलून गेले आणि तन्वीचा आणखीच राग आला.

गेल्या महिन्यात सर्व्हरवरची जागा संपत आली. सरांनी आम्हाला काढून टाकण्याजोग्या साइट्सची यादी करायला सांगितली. मी पहिल्याच ओळीत लिहिलं, वस्त्रविद्या. ती गेली तर मला दुसरं चांगलं घर द्यावंच लागेल, असा माझा हिशेब.

"सर, इथे कुणी येतच नाही," मी धीर करून म्हटलं.

तन्वीने तिच्या स्क्रीनवर भेटींची नोंद उघडली. "येतं ना गं. रोज एक जण. सव्वानऊला. आणि, ए, हा तर ह्याच खोलीतला कॉम्प्युटर आहे!"

सव्वानऊला या खोलीत फक्त सर असतात.

सरांनी चष्मा पुसला. मग मला म्हणाले, "घर तुझ्या ताब्यात दिलंय. ठेवायचं की पाडायचं, तू ठरव." आणि चहाला निघून गेले.

इतक्या महिन्यांत मी ती साइट नीट वाचलीच नव्हती. 'आमचा परिवार' या पानावर एक जुना फोटो होता. खुर्च्यांवर पाच प्राध्यापक. मागे टोकाला चहाचा ट्रे धरलेला एक सडपातळ तरुण. खाली शेवटचं नाव: तुकाराम परब, शिपाई.

सर परतले तेव्हा पान उघडंच होतं.

"मधल्या त्या बाई," ते म्हणाले. "बाकीचे म्हणायचे, परब, चहाचे हात मशीनला लावू नको. बाईंनी स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. ही साइट मी बांधलेली पहिली. आता त्यातलं कोणी नाय उरलं. सकाळी येऊन सगळ्यांची हजेरी घेतो, बस."

"मग मला का दिलीत, सर?"

"गावाला बंद घराची चावी कोणाला देतात? आपल्याच माणसाला. पहिल्या दिवशी तू माऊस धरलास, भरलेला कप धरावा तसा. मी पण तसाच धरायचो."

मी यादीतली पहिली ओळ खोडली. तिच्या जागी जुन्या स्नेहसंमेलनांच्या तीन साइट्स लिहिल्या. जागा भरपूर झाली.

त्या दिवशी गाऱ्हाण्यात सरांनी एकेक घराचं नाव घेतलं. वस्त्रविद्येला आवाज खाली गेला. तन्वी मोबाइलमध्ये होती. मी एवढ्या मोठ्याने "व्हय म्हाराजा!" म्हटलं की कॅन्टीनवाला डोकावला.

"ए, काय आहे त्या साइटमध्ये?" तन्वीने नंतर विचारलं. "मला पण लॉगिन दे ना यार."

"सरांना विचार," मी म्हटलं.

तिने विचारलं. सर नाही म्हणाले. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

घरी बाबांना खरं काय ते सांगितलं. आता मी घरून लवकर निघते. नोंदीत सव्वानऊला दोन भेटी दिसतात.