तीस हजारांची कॉफी आणि गळ्यातलं लोढणं

“कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण होई आन हे गाव एका दिवसात नीट बघितलेला माणूस अख्ख्या अल कुसैसमध्ये मी एकटाच,” भिकाजी मेस्त्रींनी जाहीर केलं आणि बशीतली खारी चहात बुडवली.

खरं तर प्रश्न त्यांना विचारलेलाच नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचे अरुण आणि रंजिता पुढच्या आठवड्यात व्हिएतनामला निघाले होते. होई आन या जुन्या गावासाठी त्यांना एकच दिवस मिळणार होता. तो कसा घालवावा हे विचारायला दोघं शनिवारी चहाला आले होते, आणि विचारत होते भिकाजींच्या मुलाला, परेशला. परेश प्रोजेक्ट प्लॅनर. ईदच्या सुट्टीत तो सगळ्या घराला घेऊन ग्रुप टूरने तिकडे जाऊन आला होता, तेव्हा त्याने केलेलं मिनिटामिनिटाचं टाइमटेबल अजून लॅपटॉपवर होतं. नऊ पंचेचाळीसला जपानी पूल, दहा पाचला जुनं घर, दहा पंचवीसला पाणी पिणे.

“बाबा, प्लीज,” परेश म्हणाला. “तुम्ही त्या दिवशी गाव बघितलं नाही. तुम्ही हरवला होता.”

“हरवलो नव्हतो!”

“सकाळी दहाला गाइडने माणसं मोजली. आई आणि तुम्ही गायब. फोन बंद. बावीस माणसांची होडीची फेरी रद्द. लाउडस्पीकरवर तुमचं नाव पुकारलं, तेही त्या बिचारीने ‘बिकासी’ असं पुकारलं. आणि संध्याकाळी सातला तुम्ही दोघं बसपाशी आलात, जणू भाजी घेऊन आलात!”

“मग आलो ना? हरवलेला माणूस आपल्या पायाने येतो काय?”

या वादाला आता तीन आठवडे झाले होते. परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी परेशने वडिलांच्या गळ्यात काळ्या दोरीला एक चपटी पांढरी चकती अडकवली होती. म्हातारा कुठे आहे ते ती चकती मोबाइलवर दाखवायची. भिकाजी तिला लोढणं म्हणत. ज्या माणसाने आखातात येऊन सोनापूरच्या मजूर कॅम्पात एका खोलीत अकरा जणांबरोबर दिवस काढले, सुतारकामाचा फोरमन होऊन तीनशे माणसं वागवली, त्याच्या गळ्यात गुरासारखं लोढणं! एकदा त्यांनी ते गुपचूप लॉन्ड्रीवाल्याच्या पिशवीत टाकलं. परेशला ऑफिसात बसल्या बसल्या बाप ताशी शंभरच्या वेगाने उम्म अल कुवैनकडे जाताना दिसला. भर मीटिंगमधून तो किंचाळत उठला होता. तेव्हापासून दोरीला डबल गाठ आणि ती काढायची बंदी.

“पाव्हण्यांसमोर सांगतो,” परेशने लॅपटॉप मिटला. “दहा ते सात तुम्ही कुठे होता, त्याचा हिशोब लावा. हरवला नव्हता हे सिद्ध करा. आत्ता, इथे लोढणं काढतो. नाही जमलं, तर ते कायम राहील आणि खाली ग्रोसरीतसुद्धा एकटं जायचं नाही. खलास.”

“खलास तर खलास!” भिकाजी सरसावून बसले. “अरुण, लिहून घे.”

अरुण भला माणूस. त्याने खरंच वही काढली.

सोफ्याच्या टोकाला ठकुबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण मेथी निवडायचा हात थांबला. त्या दिवशी काय झालं ते दोघांनाच ठाऊक होतं. सात वाजता बसकडे येताना ठकुबाईंनी नवऱ्याला शपथ घातली होती, आणि भिकाजी ती इमानाने पाळत होते. मात्र शपथ खरं न सांगण्याची होती. खोटं किती सांगावं याला तिच्यात काही मर्यादा नव्हती.

“पहिलं काम, गाइडला सोडायचं,” भिकाजींनी सुरुवात केली. “पिवळा झेंडा घेऊन ती पोरगी पुढे धावते, आणि मागे आपण चाळीस वर्षांत कधी धावलो नाही तेवढे धावतो. मी म्हटलं, बाई, मी जन्मभर लोकांना रांगेत चालवलं. आता मी कोणाच्या रांगेत नाही. यल्ला, तू तुझ्या वाटेने, मी माझ्या!”

“कुठल्या भाषेत म्हणालात?” सूनबाई संपदाने किचनमधून विचारलं.

“आवाजात. आवाज सगळ्यांना कळतो.”

अरुणने लिहिलं: गाइडला सोडणे.

“मग सरळ पुलावर. जुना लाकडी पूल, वर कौलारू छप्पर. लोक फोटो काढतात नि जातात. मी सुतार! मी खाली वाकलो, एकेक वासा ठोकून बघितला. तिसरा वासा बोलला.”

“काय बोलला?” रंजिताने विचारलं.

“पोकळ बोलला. मी वॉचमनला खुणेने सांगितलं. तो धावला, साहेबाला घेऊन आला. साहेबाने कान लावला आणि माझे पाय धरले. अर्धा तास पूल बंद! दोन्ही बाजूला टुरिस्ट खोळंबले, आणि मधे मी, पाचर ठोकतोय.”

“आबा, दॅट्स नॉट पॉसिबल,” कार्पेटवर लोळणारा नातू रेयांश टॅबवरून डोळे न काढता म्हणाला. “वी वेअर ऑन द ब्रिज. इट वॉज नेव्हर क्लोज्ड.”

“तुम्ही किती वाजता होता?”

“नऊ पंचेचाळीस,” परेश म्हणाला.

“मी दहा वीसला. तुमच्या टाइमटेबलमुळे तुमचं बघायचं राहिलं, त्याला मी काय करू?”

अरुणने ‘पूल, दहा वीस’ असं लिहून खाली रेघ ओढली. परेशने कपाळावर हात मारला. भिकाजींना मात्र अंगात वारं भरल्यासारखं झालं. सोनापूरच्या कॅम्पात गोष्ट सांगताना, ऐकणाऱ्यांच्या हातातला घास हातातच राहिला की असंच व्हायचं.

“मग बसलो कॉफीला. हात-दीड हात उंचीची प्लास्टिकची स्टुलं असतात, गुडघे कानाला लागतात. खाली घट्ट गोड दूध, वर डांबरासारखी कॉफी. बिल आलं तीस हजार.”

“तीस हजार!” रंजिता ओरडली.

“डाँग हो,” संपदाने बाहेर येऊन खुलासा केला. “सव्वाचार दिरहम. म्हणजे आपले शंभर रुपये.”

“ते तुमच्यासाठी. मी तीस हजारांची कॉफी प्यायलो, आणि वर सुटे तूच ठेव म्हटलं.”

“आणि होडी?” परेशने वकिलासारखं विचारलं. “परवा तुम्ही होडीचं सांगत होता.”

“येतोच. तिकडे टोपलीच्या होड्या असतात, अरुण. गोल. तिला पुढचं-मागचं नाही. नावाडी म्हणाला, मी नेतो. मी म्हटलं, मी कोकणातला, वल्हं इकडे दे. असा एक फटका मारला! टोपली गरगरायला लागली ती थांबेचना. नदी गेली, नारळीची झाडं गेली, समुद्र लागला, आणि मी आत भोवऱ्यासारखा फिरतोय. कोळ्यांनी जाळं टाकून काढलं. मी बाहेर आलो, तर जाळ्यात माझ्याबरोबर चौदा बांगडे!”

“आबा,” रेयांश उठून बसला, “द बास्केट बोट्स आर इन अनदर व्हिलेज. इट्स लाइक फाइव्ह किलोमीटर्स.”

“म्हणून तर सांगतोय, फिरत फिरत गेलो!”

सगळे हसले. ठकुबाईही हसल्या, पदर तोंडाला लावून. परेश हसला नाही. प्लॅनरला एक चौकट रिकामी दिसली, की ती भरेपर्यंत झोप येत नाही.

“बाबा, या सगळ्यात आई कुठे होती?”

भिकाजींच्या हातातली बशी कलली. ठकुबाईंच्या मांडीवरची मेथीची जुडी सुटली.

“आई? होती की.”

“टोपलीत होती?”

“टोपलीत कशी असेल? तिला होडी लागते. तिला मी... बसवलं होतं. एका दुकानात. सावलीला.”

“कसलं दुकान?”

इतका वेळ फेकून फेकून भिकाजींची जीभ तापली होती, आणि तापलेल्या जिभेवर पहिलं जे आलं ते खरंच आलं. “शिंप्याचं.”

“अय्या हो!” रंजिता पुढे सरकली. “तिकडे चार-पाच तासांत सूट शिवून देतात म्हणे. काकू, तुम्ही तर किती सुंदर शिवायचात! आपल्या बिल्डिंगमधली सगळी ब्लाउजं तुमच्याच हातची. तुम्हाला किती मज्जा वाटली असेल!”

“आई आता शिवत नाही,” परेश म्हणाला. “मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मानेचंही दुखणं आहे. डॉक्टरांनी बारीक काम बंद सांगितलं. तिने मला शब्द दिलाय. मशीनसुद्धा देऊन टाकलं आपण.”

“आपण नाही, तू,” ठकुबाई मेथीला म्हणाल्या.

भिकाजींनी घाईने लगाम हातात घेतला. “ती बसली होती बापडी कोपऱ्यात. घाबरून. परका मुलुख, परकी भाषा. माझा हात धरून म्हणत होती, मला परेशकडे न्या हो. डोळ्यांत पाणी.”

ठकुबाईंनी मेथीची एक काडी मधोमध मोडली.

“आणि त्या दुकानात हाहाकार! आठ जणांच्या लग्नाचे कपडे त्याच दिवशी द्यायचे, आणि शिवणारी एक बाई आजारी. त्यात एक गोरा, हा एवढा धिप्पाड, कोट घालून बघतोय तर डावी बाही पिळल्यासारखी वळतेय. हात वर केला की अख्खा कोट कानापर्यंत. तो ओरडतोय, मालकीण रडतेय. मी शांतपणे उठलो.”

“तुम्ही?” संपदाने विचारलं.

“मग कोण? सुताराची नजर! लाकूड काय, कापड काय, माप ते माप. मी कोट उलटा केला. म्हटलं, बाई, तुझा मुंढा, म्हणजे खांद्याखालचा घेर, कमी पडलाय आणि बाही अर्धा इंच पुढे बसलीय. कैची आण. टर्रकन टीप उसवली...”

“टर्रकन?” ठकुबाईंच्या तोंडून निघालं.

भिकाजींना ते ऐकू आलं नाही. ते आता अल कुसैसमध्ये नव्हतेच. ते त्या पिवळ्या भिंतींच्या गल्लीत, आठ नवरदेवांच्या मधे उभे होते. “...मशीनवर बसलो. पायाने असं चालवलं की मोटरच्या मशीनवरच्या बायका बघत राहिल्या. एका दमात बाही बसवली, वर कच्चा दोरा घालायचीसुद्धा गरज पडली नाही! गोऱ्याने कोट घातला, हात वर केला, खाली केला, आणि मला मिठी मारली. मालकीण म्हणाली, आजोबा, इथेच राहा. मग मी त्या पोरींना जमवलं आणि काज कसं करायचं ते...”

“खोटं!”

मेथी कार्पेटवर सांडली होती. ठकुबाई उभ्या होत्या.

“साफ खोटं! पूल म्हणालात, गप्प बसले. बांगडे म्हणालात, गप्प बसले. पण कच्चा दोरा न घालता कोटाची बाही? जन्मात कोणी बसवलीय? आणि कोटाची टीप टर्रकन उसवतात काय हो? एकेक टाका ब्लेडने उचलून काढावा लागतो, नाहीतर कापड जातं! ह्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. ती बाही मी बसवली. मी! आणि त्यानंतर तीन पँटी आणि दोन कोट केले.”

रेयांशने टॅब बाजूला ठेवला.

“आई,” परेश अडखळला, “तू मला शब्द दिला होतास.”

“दिला होता. अल कुसैसमध्ये शिवणार नाही, असा दिला होता. व्हिएतनामचं आपलं काही बोलणं झालं नव्हतं. झेंडा पुढे गेला, मला दारातून मशीन दिसलं, मी आत वळले. हे माझ्यामागून आले.”

अरुणने पेन्सिल वर धरली. “काकू, मग पुलाचं काय लिहू? दहा वीस?”

“कसला पूल नि कसली टोपली!” ठकुबाई परेशकडे वळल्या. “आणि हे हरवले म्हणून तू ह्यांना दोरी बांधलीस? अरे, सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत हे त्या दुकानाच्या दारातल्या लाल स्टुलावरून हलले नाहीत. दर दहा मिनिटांनी, ‘परेशला फोन लावू काय गो?’ म्हणून दोन्ही फोन मी काढून घेऊन बंद केले.”

भिकाजींनी मान खाली घातली, लोढणं डोक्यावरून काढलं आणि हळूच टीपॉयवर ठेवलं.

“आणि तू,” ठकुबाईंचं बोट अजून मुलावरच होतं, “तू दोनदा त्या दारासमोरून गेलास, मोबाइलमध्ये टाइमटेबल बघत. दुसऱ्या वेळी हे हात वर करून तुला हाक मारणार होते. मी कैची दाखवली, तेव्हा खाली बसले.”