दहापैकी दोन

गांजाचं कार्ड काढायचं मी ठरवलं, ते एका उलट्या बादलीमुळे.

गोठलेल्या तळ्यावर माझी मासे धरायची लाकडी खोपटी आहे. बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि बादली उलटी घालून तिच्यावर बसून राहायचं, हा आम्हा मिनेसोटाच्या लोकांचा हिवाळ्यातला धर्म (दुसरा चर्चमधला, पण तो फक्त रविवारी असतो). त्या फेब्रुवारीत मी बसलो तो बसलोच. उठायला गेलो तर कंबर म्हणाली, तू हो पुढे, मी थांबते. तासाभराने माझा मेहुणा व्हर्लिन मासे मिळाले का बघायला आला आणि त्याने मला बादलीसकट घसरगाडीवर घालून घरी आणलं.

आर्डिस, म्हणजे माझी बायको, दारातच उभी होती.

"हार्लन, आता एक तर या कंबरेचं काहीतरी कर, नाहीतर ती खोपटी व्हर्लिनला देऊन टाक."

"मला काही घाई नाही हं," व्हर्लिन म्हणाला. (खोपटीत नवी शेगडी कुठे बसेल हे तो येतानाच बघून आला होता.)

गोळ्यांनी माझं पोट बिघडायचं. मालीश, शेक, व्यायाम सगळं करून झालं होतं. उरला होता गांजा. आमच्या राज्यात तेव्हा तो फक्त औषध म्हणून मिळायचा. या माणसाचं दुखणं खरं आणि जुनाट आहे असं डॉक्टरने लिहून द्यायचं, मग राज्य तुमचं नाव नोंदवणार, मग कार्ड. मी म्हटलं, हे तर आपलं घरचंच काम. एकतीस वर्षं मी जिल्हा कचेरीत मासेमारीचे परवाने दिलेत. फॉर्मला मी भीत नाही, फॉर्म मला भितात.

फॉर्म खरोखरच झकास भरला. घोडं अडलं ते डॉक्टरांपाशी.

आमच्या दवाखान्यात डॉक्टर कॅप्लन नावाच्या बाई नव्यानेच न्यू जर्सीहून आल्या होत्या. हुशार, हसतमुख. आणि समोरचा जे बोलेल ते खरं मानणाऱ्या.

"काय म्हणते तब्येत?" त्यांनी विचारलं.

"तशी काही वाईट नाही."

आता, आमच्या गावात माणूस असं म्हणाला की ऐकणारा मुकाट्याने रुग्णवाहिका बोलावतो. बाईंनी लिहून घेतलं, 'वाईट नाही.'

"दुखतं किती? दहापैकी सांगा."

"दोन."

"झोप?"

"येते अधूनमधून."

"चालायला त्रास?"

"इथवर आलो की."

बाई मनापासून खूश झाल्या. "छान चाललंय तुमचं, मिस्टर स्केव्हलँड. तुम्हाला या कार्डाची गरजच नाही," म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. त्या हलवण्याने कंबरेत अशी कळ गेली की मला तारे दिसले. मी म्हणालो, "आभारी आहे."

घरी आर्डिसने कपाळावर हात मारला.

"दोन? सकाळी मोजे घालताना रडत होतास ना तू?"

"रडत नव्हतो. डोळ्यांत पाणी येत होतं."

"गेल्या साली छपरावरून पडून बरगडी मोडलीस, तेव्हा किती होतं?"

"तीन."

"मग दहा म्हणजे काय?"

मी विचार केला. "दहा म्हणजे मेलेला माणूस."

"मेलेल्याला दुखत नाही, हार्लन."

"म्हणून तर तो कुरकुर करत नाही."

दुसऱ्या दिवसापासून आर्डिसने माझी शिकवणी सुरू केली. न्याहारीच्या टेबलावर ती डॉक्टर व्हायची आणि मी पेशंट. ती विचारायची, "किती दुखतं?" मी घसा खाकरायचो, खिडकीबाहेर बघायचो आणि म्हणायचो, "थंडी जरा कमी झाली नाही?" आठवडाभरात मी खेचून चारपर्यंत आलो. माझ्या नॉर्वेहून आलेल्या पणजोबांना बैलाने शिंगावर घेतलं, तेव्हा ते म्हणाले होते म्हणे, 'बैल तसा बरा आहे.' त्यांचं रक्त अंगात घेऊन चारच्या पुढे जायचं म्हणजे गंमत नव्हे.

"तुला लोकांत सराव हवा," आर्डिस म्हणाली.

त्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालू होती. आमचे पास्टर लिंडक्विस्ट दर रविवारी विचारतात तसं म्हणाले, "काय हार्लन, कसं काय?"

मी कप खाली ठेवला, डोळे मिटले आणि म्हणालो, "कंबर फार दुखते हो. अगदी सहन होत नाही."

सगळ्यांनी आपापले कप खाली ठेवले. साठ वर्षांत त्या खोलीत असं कुणी बोललं नव्हतं. पास्टरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "आर्डिसला सांगितलंयस का?"

दुपारी पहिली हॉटडिश दारात आली. कुणाच्या घरी मयत झाली किंवा व्हायच्या बेतात असली, की आमच्याकडे बायका खिमा आणि बटाट्याचा हा भट्टीत भाजलेला पदार्थ भांडंभर घेऊन येतात. संध्याकाळपर्यंत सात भांडी झाली. चर्चच्या गायनवृंदाची प्रमुख 'आवडतं भजन कोणतं' असं सहज विचारून गेली. शेजारच्या म्हाताऱ्या एंगरने माझा हात धरून तीस वर्षांपूर्वी हरवलेली माझी करवत आपणच नेली होती, हे कबूल केलं. आणि व्हर्लिन तर खोपटी मोजायला टेपच घेऊन आला.

"तुझं सगळं होईपर्यंत मी तिला हात लावणार नाही," तो टेप गुंडाळत म्हणाला.

"मी मरत नाहीये, व्हर्लिन."

"हो, हो," तो म्हणाला आणि त्याने मला घट्ट मिठी मारली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. कंबर पुन्हा गेली.

पण खरं सांगतो, मला मजा यायला लागली होती. तक्रार म्हणजे काय चीज आहे हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. एकदा तोंड उघडलं की आतून येतच राहते. सोमवारपर्यंत कंबरेवरून मी गुडघ्यावर आलो होतो, मंगळवारी टपाल खात्यावर.

बुधवारी आम्ही दोघं पुन्हा डॉक्टर कॅप्लनसमोर बसलो. या वेळी मी तयार होतो. बाईंनी विचारायच्या आत सुरू झालो. कंबर नऊ, मान आठ, झोप नाही, मोजे घालता येत नाहीत, हात वर जात नाही, खाली जात नाही. बाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी मागचा कागद काढला.

"दोन आठवड्यांपूर्वी तुम्ही दोन म्हणाला होतात."

"तेव्हा मी खोटं बोललो."

"आणि आत्ता?"

याचा सराव आम्ही केला नव्हता.

बाई आर्डिसकडे वळल्या. "घरी यांचं कसं चालतं? मोजे कोण घालतं?"

"मीच," आर्डिस म्हणाली.

"बूट?"

"मीच. नाड्या बांधते. बर्फही मीच काढते. बोटं वळत नाहीत हल्ली, म्हणून जरा वेळ लागतो."

"हात बघू."

आर्डिसने हातमोजे काढले. मी त्या हातांकडे रोज बघत होतो, पण पाहिलं त्या दिवशी. सांधे सुजून अक्रोडाएवढे झाले होते. बाईंनी एक बोट हळूच दाबलं.

"किती दुखतं? दहापैकी."

आर्डिसने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "नऊ. सहा वर्षं झाली. रात्री हात उशीखाली दाबून झोपते. कुणी विचारलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या गावाला माझी कंबर ऐकवत फिरत होतो, आणि शेजारी बसून ही बाई मला तक्रार करायला शिकवत होती. मी तिचा हात हातात घेतला, अगदी हळू. ती म्हणाली, "असू दे. लोक बघतायत."

कार्ड आर्डिसला मिळालं. मला आणखी सहा महिने व्यायाम सांगितला, आणि माझ्या कागदावर बाईंनी काय लिहिलं ते मी उलटं वाचलं, 'सांगणं भरवशाचं नाही.' खोपटी व्हर्लिनकडे गेली.

औषधाच्या बाटलीचं झाकण आर्डिसला उघडता येत नाही, म्हणून राज्याने मला तिचा अधिकृत मदतनीस म्हणून नोंदवून घेतलं. माझी चौकशी झाली, बोटांचे ठसे घेतले. आता ते औषध आणायचा, बाळगायचा आणि उघडून द्यायचा मला कायदेशीर हक्क आहे. चाखायचा नाही.

आर्डिसची बोटं आता वळतात. काल आम्ही पुढच्या महिन्याचं औषध आणायला गेलो. दर वेळी पेशंटने आधी एक फॉर्म भरायचा असतो. तिथल्या औषधवाल्या बाईंनी तो मोठ्याने वाचला, "वेदना तीन. झोप शांत. दुष्परिणाम..." आणि त्या थांबल्या. आर्डिसने तिथे लिहिलं होतं, 'नवरा दिवसभर कण्हतो.'

बाईंनी चष्म्यावरून मला नीट न्याहाळलं. मग आर्डिसला म्हणाल्या, "हे बऱ्याच जणींना होतं. यावर आमच्याकडे काही नाही."